एक कंपनी, पाच ग्राहक क्रमांक : सावद्याच्या रायपनिंग चेंबरचं प्रकरण

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळी पेढीने इंटरनेट, मोबाइल, वजनकाट्यावरचा राउटर, गाड्यांतलं जीपीएस असं जवळपास सगळं एकाच मोठ्या दूरसंचार कंपनीकडून घेतलं होतं. सगळं एका ठिकाणचं असलं की अडचणीला एकच दार ठोठवायचं, हा त्यामागचा हिशेब. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी फायबर तुटलं, ते सोमवारी दुपारी धड झालं, आणि मधल्या रात्रीत दहा टनांच्या एका रायपनिंग चेंबरमधला (केळी पिकवण्याच्या खोलीतला) माल गेला. एकच दार समजून ठोठावलेल्या त्या कंपनीत आत चार दारं निघाली. त्यांतलं एकही पेढीला मोठा ग्राहक म्हणून ओळखत नव्हतं.

पेढीचं आणि कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही. तपशील प्रातिनिधिक आहेत. अशा जोडण्यांवर काम करणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील.

काय काय होतं

जळगावात मुख्य कचेरी. तिथे हिशेबाचा सर्व्हर, आठ माणसं आणि मालकाच्या वैयक्तिक नावावर घेतलेली घरगुती फायबर जोडणी. सावद्याला पॅकहाउस, कोल्ड रूम आणि सहा रायपनिंग चेंबर, प्रत्येकाची क्षमता १० टन. तिथेही घरगुतीच फायबर, वेग २०० एमबीपीएस. रावेरच्या पुढे मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ वजनकाटा, त्यावर साधं प्रीपेड सिम टाकलेला फोर-जी राउटर. नऊ गाड्यांत जीपीएस. भागीदार, मुकादम आणि चालक यांच्याकडे मिळून ३४ मोबाइल नंबर; काही पेढीच्या नावावर, काही माणसांच्या, काही आता पेढीत नसलेल्यांच्या. वाशीच्या बाजारात एक गाळा.

महिन्याचं एकूण बिल लहान नव्हतं. पण ते पाच ग्राहक क्रमांकांवर विखुरलेलं. कंपनीच्या दृष्टीने हे दोन घरं, काही पोस्टपेड ग्राहक आणि बरेच प्रीपेडवाले होते. शिवाय घरगुती जोडण्या वैयक्तिक नावावर असल्याने १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नव्हतं. ते वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शनिवार ते सोमवार

संध्याकाळी ७.४० ला रस्त्याच्या साइडपट्टीतल्या खोदकामात जेसीबीने ४८ कोअरची (म्हणजे ४८ काचतंतूंची) केबल तोडली. सावद्याच्या ओएनटीवर (ग्राहकाकडे फायबर जिथे संपतं त्या यंत्रावर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला. ७.५५ ला टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदली गेली, डॉकेट (तक्रारीचा) नंबर मिळाला.

चेंबरवर लगेच काही बिघडलं नाही. कंट्रोलर जागेवरच चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. केळी पिकवताना तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, पहिले २४ तास इथिलीन १०० ते १५० पीपीएम आणि नंतर कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या खाली राहील इतकं हवाबदल, एवढं सगळं तो स्वतः सांभाळतो. इंटरनेट लागतं ते फक्त बातमी बाहेर पोचवायला.

रात्री १.१० ला विजेचा दाब खाली-वर झाला आणि तीन नंबरच्या चेंबरचा कॉम्प्रेसर हाय-प्रेशर कट-आउटवर बंद पडला. हा कट-आउट हाताने रीसेट करावा लागतो. त्या चेंबरमध्ये तिसऱ्या दिवसाचा माल होता. या टप्प्यावर फळाचं श्वसन सर्वांत जोरात असतं आणि दहा टन केळी स्वतःच भट्टी लावतात. मे महिन्यातली रात्र बाहेरूनही मदत करणारी नव्हती. सकाळी ६ ला दार उघडलं तेव्हा गराचं तापमान २४ अंशांच्या वर गेलेलं. अशा मालाचा गर मऊ पडतो आणि साल मात्र धड पिवळी होत नाही. तो दिल्लीच्या गाडीत घालता येत नाही, जवळच्या बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागतो.

बातमी पोचायचे चार मार्ग होते आणि चारही बंद होते. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

पहिला मार्ग फायबरचा, तो तुटला. दुसरा, राउटरच्या सिम-खाचेतलं पर्यायी सिम. ते साधं प्रीपेड होतं, बसवताना एकदा रिचार्ज केलेलं. वैधता कधीच संपली होती. तिसरा मार्ग एसएमएसचा. कंट्रोलर बनवणाऱ्याच्या क्लाउडला 'यंत्र ऑफलाइन आहे' हे कळत होतं आणि त्याने तसा एसएमएस सोडलाही; पण त्या मजकुराचा टेम्प्लेट (ठरलेला नमुना) डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी-यंत्रणेवर, नोंदलेलाच नव्हता. तापमानाच्या इशाऱ्याचा होता, ऑफलाइनचा नव्हता. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस नोंदलेल्या हेडरशी (पाठवणाऱ्याच्या नावाशी) आणि टेम्प्लेटशी जुळला नाही तर तो पुढे जातच नाही. पाठवणाऱ्याच्या बाजूला 'सबमिटेड' दिसतं, घेणाऱ्याच्या फोनवर शांतता. चौथा मार्ग म्हणजे चेंबरवरचा भोंगा. तो सारखा वाजतो म्हणून कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती.

रविवारी सकाळी ११ ला लाइनमन आला. पॉवर मीटर (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) लावून म्हणाला, "दादा, तुमच्यापर्यंतची वायर चांगली आहे. वरूनच लाइट येत नाही, ते आमच्याकडे नाही." त्याचं म्हणणं खरंच होतं. तो कंपनीचा नोकर नव्हता. घरगुती फायबर विकणाऱ्या, महसुलात वाटा असलेल्या स्थानिक भागीदाराचा माणूस होता. त्याने 'तपासणी झाली' अशी नोंद केली आणि त्या नोंदीवर डॉकेट बंद झालं. पेढीला पुन्हा नवी तक्रार करावी लागली, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर.

त्याच केबलवर लीज्ड लाइन (एकाच ग्राहकासाठी राखलेली जोडणी) असलेली एक बँक शाखा मात्र शनिवारी रात्री २.३० ला सुरू झालेली होती.

हे असं का झालं

मोठ्या दूरसंचार कंपनीत विक्रीचे विभाग वेगळे आणि जाळं सांभाळणारा विभाग वेगळा असतो. भारती एअरटेल आपल्या हिशेबात मोबाइल, होम्स, बिझनेस, डिजिटल टीव्ही असे विभाग वेगळे दाखवते. बीएसएनएलमध्ये कन्झ्युमर मोबिलिटी, कन्झ्युमर फिक्स्ड ॲक्सेस आणि एंटरप्राइज बिझनेस अशी विभागणी आहे. ही नावं रचना कळावी म्हणून घेतली, प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही. नावं बदलतात, ढाचा साधारण हाच असतो.

मोबाइलचा ग्राहक विभाग दुकानं, रिचार्ज, पोस्टपेड बघतो. घरगुती विभाग फायबर बघतो आणि शेवटच्या टप्प्याचं काम बहुतेकदा भागीदारावर सोपवतो. उद्योग विभागाकडे लीज्ड लाइन, एमपीएलएस आणि एसडी-वॅन (शाखा एकमेकींना जोडणारी जाळी), एसआयपी ट्रंक (कचेरीच्या फोनच्या डिजिटल लाइनी), टोल-फ्री नंबर, बल्क एसएमएस, यंत्रांसाठीची सिम, क्लाउड असं सगळं असतं. त्यातही मोठ्या ग्राहकाला नेमलेला अकाउंट मॅनेजर मिळतो आणि लहान-मध्यम उद्योगाला कॉल सेंटर किंवा चॅनल पार्टनर. होलसेल विभाग दुसऱ्या कंपन्यांना आणि स्थानिक इंटरनेटवाल्यांना बँडविड्थ विकतो. आणि या सगळ्यांच्या खाली ट्रान्समिशन, म्हणजे केबल जोडणारी टोळी. ती ग्राहकाला ओळखत नाही, कोअर ओळखते. टॉवर तर बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचा असतो.

शनिवारी रात्री टोळीने केबल उघडली तेव्हा तिच्यापुढे ४८ कोअर होते. एकेका कोअरचं स्ट्रिपिंग (सोलणं), क्लीव्हिंग (टोक सरळ कापणं), फ्यूजन (वितळवून जोडणं) आणि वरून स्लीव्ह तापवणं यात काही मिनिटं जातात, आणि दोन टोकांना दोन जॉइंट म्हटलं की काम दुप्पट. क्रम ठरलेला असतो : आधी एक्स्चेंजना जोडणारे रिंगचे कोअर, मग लीज्ड लाइनचे, शेवटी घरगुती पॉनचे (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जाळ्याचे). पेढीचा कोअर शेवटच्या ट्यूबमध्ये होता. तिथे पोचेपर्यंत पहाट झाली, टोळीला दुसरीकडचा कट आला, आणि उरलेलं काम रविवारी दुपारनंतर झालं.

संध्याकाळी ६ ला लाल दिवा गेला, पण इंटरनेट दर दहा-पंधरा मिनिटांनी पडत राहिलं. याचं उत्तर हिशेबात आहे. ओएलटीची (एक्स्चेंजमधल्या प्रकाश सोडणाऱ्या यंत्राची) पॉवर साधारण +३ डीबीएम; डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी, आणि घट डीबीत मोजतात. वाटेत १:८ चे दोन स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश आठांत वाटणारे), प्रत्येकी १०.५ डीबी, म्हणजे २१. सुमारे ९ किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३ धरून २.७. जॉइंट आणि कनेक्टर मिळून १.५. एकूण घट २५.२ डीबी, म्हणजे ओएनटीवर सुमारे −२२ डीबीएम. बी-प्लस वर्गाच्या ओएनटीला −२७ पर्यंतच नीट दिसतं. थोडक्यात, सगळं ठीक असतानाही हातात पाचच डीबी. दुरुस्तीनंतर मीटरवर −२७.८ आलं. चांगल्या स्प्लायसला (जोडाला) ०.१ डीबी लागतो. त्यामुळे साडेपाच डीबी खाणारी गोष्ट स्प्लायस नव्हती. जॉइंट क्लोजरच्या (जोड ठेवायच्या पेटीच्या) ट्रेमध्ये फायबर फार लहान वळणात दाबलं गेलं होतं. सोमवारी क्लोजर उघडून वळण मोकळं केलं आणि दुपारी १ ला आकडा −२२.५ वर आला.

'लाल दिवा गेला' ही दुरुस्तीची खूण नव्हे. लाइनमन निघण्याआधी ओएनटीच्या पानावरची आरएक्स पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा) बघून लिहून ठेवावी. चांगल्या दिवशीचा आकडा हाताशी नसेल तर वाईट दिवशीच्या आकड्यावरून काही सिद्ध करता येत नाही.

फेरमांडणी

सुरुवात यादीपासून. प्रत्येक जोडणीसमोर ग्राहक क्रमांक, केवायसी कोणाच्या नावावर, कंपनीचा कोणता विभाग, तक्रारीचा नंबर, वैधता किंवा करार संपण्याची तारीख, आणि शेवटचा रकाना : ही बंद पडली तर काय थांबतं? हा रकाना भरताना चित्र उलटं झालं. ज्या जोडणीवर सर्वांत कमी खर्च होत होता, म्हणजे चेंबरच्या राउटरमधलं सिम, तिच्यावर सर्वांत महाग गोष्ट टांगलेली होती. आणि सर्वांत मोठं बिल होतं मोबाइलचं, ज्यातले सहा नंबर कोणीच वापरत नव्हतं.

सावद्याला लीज्ड लाइन घ्यायचं ठरलं. किती वेगाची? उद्योग विभागाच्या प्रतिनिधीने १०० एमबीपीएस सुचवले, कारण आता २०० आहेत. हे चुकीचं मोजमाप. घरगुती २०० हा वाटून घेतलेला वेग असतो, लीज्ड लाइनचा वेग वर-खाली दोन्हीकडे सारखा आणि राखीव. प्रत्यक्ष गरज अशी निघाली : एका वेळी चार कॅमेरे बघायला प्रत्येकी २ प्रमाणे ८ एमबीपीएस, जळगावच्या सर्व्हरवर काम करणाऱ्या पाच जणांना मिळून २, सहा फोन कॉलना प्रत्येकी ९० केबीपीएसच्या आसपास म्हणजे जेमतेम अर्धा, कचेरीचं बाकी काम ५. कंट्रोलरचा हिशेब तर गमतीचा आहे. दर ५ मिनिटांनी १ केबीचा एक संदेश म्हणजे दिवसाला २८८, महिन्याला साडेआठ एमबीच्या आसपास. घेतली २० एमबीपीएस. लीज्ड लाइनचा दर त्याच वेगाच्या घरगुती जोडणीच्या अनेक पट असतो, म्हणून हे गणित आधी करावं. घरगुती फायबर काढलं नाही. चोवीस कॅमेऱ्यांचं क्लाउड रेकॉर्डिंग आणि मजुरांचं वायफाय त्याच्यावरच ठेवलं, फक्त ते पेढीच्या नावावर केलं.

फीजिबिलिटीसाठी (जोडणी देता येईल का या पाहणीसाठी) पत्ता दिला तर सावद्याचं बसस्टँड गाठून माणूस परत जातो. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत द्यावेत, म्हणजे साधारण एका मीटरची अचूकता येते. सोबत इमारतीचा, फायबर आत येईल त्या भिंतीचा आणि जवळच्या खांबाचा फोटो. पहिलं उत्तर आलं, 'फायबर शक्य नाही, रेडिओवर देऊ'. ५.८ गिगाहर्ट्झची ६ किलोमीटरची लिंक घ्यायची तर मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (लहरीला लागणाऱ्या लंबगोल जागेची) त्रिज्या ८.८ मीटर येते आणि निदान ६० टक्के, म्हणजे सव्वापाच मीटर जागा मोकळी लागते. केळीची बाग आडवी येत नाही, बांधावरचे कडुनिंब येतात. शिवाय ही लहर विनापरवाना वापराची. उद्या शेजारी कोणी तीच लावली तर गोंगाट वाढतो. पेढीने रेडिओ नाकारला आणि फायबरचा मार्ग नकाशावर मागितला. मिळाला, पण जुन्याच साइडपट्टीतून जाणारा. म्हणजे दोन जोडण्या, केबल एकच. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मार्गासाठी एकरकमी खर्च जास्त पडला. तो द्यावा की नाही यावर भागीदारांत बरीच ओढाताण झाली. आमच्या मते तोच या सगळ्यातला सर्वांत योग्य खर्च होता.

याच टप्प्यावर कोणीतरी सुचवलं होतं की पर्याय म्हणून गावातल्या केबलवाल्याचं इंटरनेट घ्या, दुसरी कंपनी होईल. चौकशीत निघालं की तो बँडविड्थ याच कंपनीच्या होलसेल विभागाकडून घेतो आणि ती त्याच केबलवरून येते. बिल दुसऱ्याचं आलं म्हणून वाट दुसरी होत नाही. असा पर्याय घेण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच : तुमचं अपस्ट्रीम (वरची जोडणी) कोणाचं आणि ते गावात कोणत्या रस्त्याने येतं?

करारातले आकडे शांतपणे वाचावेत. ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला ३ तास ३६ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. वेळ मोजायला सुरुवात केबल तुटल्यापासून होत नाही, तिकीट उघडल्यापासून होते. म्हणून रात्री दोनलाही फोन करायचा असतो. दुरुस्तीची वेळ 'कामकाजाच्या तासांत' लिहिली आहे की चोवीस तास, केबल कट हे अपवादांच्या यादीत घुसवलं आहे का, ग्राहकाकडची वीज गेली तर काय, हे तीन मुद्दे ओढून धरले. भरपाई मिळते ती भाड्याच्या टक्केवारीत, केळीच्या भावात नाही. ती कोणतीच कंपनी देत नाही, मागण्यात वेळ घालवू नये. एस्कलेशनची (तक्रार वर कोणाकडे न्यायची त्या माणसांची) यादी घेतली आणि चारही पातळ्यांच्या नंबरांवर खरोखर फोन लावून पाहिले. तिसऱ्या पातळीचा माणूस बदलून गेला होता.

चेंबरच्या राउटरमध्ये उद्योग विभागाकडून यंत्रासाठीचं, १३ अंकी नंबरचं एम-टू-एम सिम घेतलं. याला रिचार्ज विसरण्याची भानगड नाही. पण त्याची वेगळी अट आहे : कॉल आणि एसएमएस आधी नोंदवलेल्या मोजक्या नंबरांनाच जातात, डेटाही खासगी एपीएनवरून (मोबाइल जाळ्यातल्या वेगळ्या वाटेवरून) नोंदवलेल्या आयपी पत्त्यांनाच. पहिल्या आठवड्यात हे सिम नेटवर्क दाखवत होतं पण डेटा जात नव्हता. कंट्रोलर बनवणाऱ्याच्या क्लाउडचा आयपी अधूनमधून बदलत होता. त्याच्याकडून स्थिर पत्ता घेतल्यावर सुरळीत झालं. सिम मागवण्याआधीच यंत्रवाल्याला हा प्रश्न विचारावा. दुसऱ्या खाचेत दुसऱ्याच कंपनीचं सिम, कारण वीज फार वेळ गेली की टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाइलचा पर्यायही जातो.

डीएलटीवर पेढीने स्वतःची नोंदणी केली : पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, अधिकारपत्र, हेडर, टेम्प्लेट. नोंदणी एका कंपनीच्या पोर्टलवर केली की तोच आयडी बाकीच्यांकडे चालतो. 'ऑफलाइन'चा टेम्प्लेट सगळ्यांत आधी टाकला. मजकुरात लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते, नाहीतर संदेश अडतो. लिंक काढूनच टाकली. मराठी एसएमएस ७० अक्षरांत बसवावा लागतो (इंग्रजीला १६० मिळतात), आणि ही ७० मोजताना काना-मात्रा वेगळ्या धरल्या जातात. 'चेंबर ३ तापमान २१.४. कॉम्प्रेसर बघा.' एवढं पुरतं. तरी रात्रीसाठी एसएमएसवर विसंबू नये. तीन नंबरांवर पाळीपाळीने जाणारा आपोआप कॉल लावला. आणि भोंग्याची वायर परत जोडली, त्याला १० मिनिटांचा विलंब देऊन, म्हणजे दार उघडल्या-उघडल्या वाजणार नाही. सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त काम हेच होतं.

ओएनटी आणि राउटर पत्र्याच्या शेडमधून कचेरीत आणले. ही यंत्रं साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंतची असतात. भुसावळ-सावद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं सकाळी अकरालाच होतं. दोन्ही मिळून २० वॅटच्या आत असल्याने १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काही तास निघतात. संगणकाच्या यूपीएसवर इतर चार गोष्टींसोबत लटकवली की वीस मिनिटांत बंद.

वजनकाट्याची गोष्ट वेगळी. तिथला राउटर कधी महाराष्ट्र सर्कलचा (दूरसंचार क्षेत्राचा) टॉवर पकडायचा, कधी बऱ्हाणपूरच्या बाजूचा, मध्य प्रदेश सर्कलचा. रोमिंगचा आकार लागत नाही, त्यामुळे बिलावरून कळत नाही. पण तक्रार महाराष्ट्राच्या कॉल सेंटरला जाते आणि टॉवर तिकडच्या टीमचा. तिकीट दोन सर्कलमध्ये फिरत राहतं. तक्रारीचा नाद सोडून ९ मीटरच्या पाइपवर दिशादर्शक अँटेना लावली, तोंड रावेरकडे. आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) −११२ वरून −९५ झाला आणि काट्याची पावती सेकंदात जायला लागली. वाशीचा गाळा मुंबई सर्कलमध्ये. तिथपर्यंत एमपीएलएसचा प्रस्ताव आला होता. रोज पंधरा-वीस बिलांसाठी तो डामडौल नको म्हणून साध्या इंटरनेटवर व्हीपीएन (सुरक्षित खासगी वाट) केलं.

मोबाइल नंबरांचं काम सर्वांत रटाळ निघालं. ऑगस्ट २०२३ नंतर पूर्वीच्या बल्क जोडण्यांच्या जागी बिझनेस जोडण्या आल्या. त्यात प्रत्येक वापरणाऱ्याची केवायसी लागते. न वापरलेले सहा बंद केले. शेतकऱ्यांना पाठ असलेले मुकादमांचे नंबर पेढीच्या नावावर घ्यायला दोन मुकादमांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ओळख त्यांची आहे. ते दोन तसेच सोडले.

पुढचा कट

फेब्रुवारीत पुन्हा केबल तुटली, या वेळी नव्या मार्गाची. राउटर ४० सेकंदांत घरगुती फायबरवर गेला. चालू कॉल तुटले, चेंबरच्या नोंदीत एकही रिकामी ओळ नाही. लीज्ड लाइन ५ तास २० मिनिटांत आली. म्हणजे करारातल्या ९९.५ टक्क्यांच्या ३ तास ३६ मिनिटांच्या वर, भरपाई लागू. महिन्याअखेर आलेल्या पत्रात मात्र २ तास वजा केलेले : 'ग्राहकाच्या जागेत प्रवेश मिळाला नाही'. टोळी पॅकहाउसच्या आतला जॉइंट तपासायला रात्री आली तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि राखणदाराला कोणी सांगितलेलं नव्हतं. मोजलेली वेळ ३ तास २० मिनिटं, भरपाई शून्य. त्यानंतर तिकीट उघडतानाच राखणदाराचा नंबर द्यायचा आणि जॉइंटच्या पेटीची एक किल्ली त्याच्याकडे ठेवायची असं ठरलं.

एक दुखणं शिल्लक आहे. दोन्ही फायबर वेगवेगळ्या रस्त्यांनी गावात येतात, पण पॅकहाउसआधीचे शेवटचे सुमारे ४०० मीटर त्याच खांबांवरून एकत्र लोंबतात. खारी केबल कुरतडतात, घडांनी उंच भरलेली गाडी वळताना ती ओढते. त्यातली एक जमिनीखाली ४० मिलिमीटरच्या एचडीपीई डक्टमधून (प्लास्टिकच्या नळीतून), निदान एक मीटर खोल न्यायची आहे. मधे दोन शेतं आणि एक पाट लागतो. एका शेतकऱ्याने होकार दिला आहे. दुसऱ्याचं म्हणणं, शेतातली कांदेबाग केळी निघाल्यावर बघू.